तारीख जवळ आली म्हणून राग खोटा ठरत नाही

पत्र:

ताई, मी मानवत तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३१. घरीच शिवणकाम करते, ब्लाउज आणि फॉल-पिको. नवरा जिनिंगवर कामाला आहे. सासूबाई सोबत असतात. लेक नऊ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. पाळी तशी वेळेवर येते, २७ ते ३० दिवसांत. पण ती यायच्या आठ-दहा दिवस आधीपासून माझं मलाच काही कळेनासं होतं. छाती इतकी दुखते की कुशीवर झोपता येत नाही. पोट फुगतं, चप्पल घट्ट होते, डोकं ठणकतं. मनाचं तर विचारूच नका. कुणी काही बोललं नाही तरी रडू येतं, बोललं तर अंगाची आग होते. मागच्या महिन्यात कात्री भिंतीवर फेकून मारली. लेकीला असं मारलं की गालावर बोटं उठली. त्या रात्री वाटलं, आपण नसलेलंच बरं. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं निवळतं आणि मग माझी मलाच लाज वाटते. पाळीचे पहिले दोन दिवस ओटीपोट आणि कंबर एवढी धरते की मशीनवर बसवत नाही, जुलाबही होतात.

मी काही बोलले की नवरा म्हणतो, "तारीख जवळ आली वाटतं." शेजारची मावशी म्हणते, "दोन लेकरं झाली ना, आता पिशवी काढून टाक, कटकटच मिटंल." मला वेड लागतंय का? पिशवी काढावी का? आणि अजून एक. महालक्ष्म्यांना सासूबाई दरवर्षी मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून देतात. त्या घेतल्या तर चालतात का?

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही तुला तू म्हणते.

सगळ्यात आधी त्या रात्रीबद्दल. 'आपण नसलेलंच बरं' हे तू मध्येच लिहिलंस आणि घाईनं पुढच्या ओळीवर गेलीस. मला तसं पुढं जाता येणार नाही. असा विचार पाळीच्या आधी येतो आणि पाळी आली की जातो, म्हणून तो कमी धोक्याचा होत नाही. तेव्हा आजच घरातल्या एका माणसाला हे वाक्य जसंच्या तसं सांग. नवऱ्याला सांगणं जड जात असेल तर सासूबाईंना सांग, नाहीतर माहेरी बहिणीला फोन कर. घरात कपाशीच्या फवारणीचं औषध ठेवलेलं असेल तर ते बाहेर, आखाड्यावर कुलपात ठेवायला लाव आणि चावी दुसऱ्या कुणाकडं राहू दे. रात्री-अपरात्री मनात असं काही आलं तर १४४१६ हा नंबर लाव. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. विचार तेवढाच येऊन गेला असेल तर पुढचं सवडीनं वाच. पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा कसं करायचं इथपर्यंत गेला असेल, तर वाचत बसू नको. कुणाला तरी सोबत घे आणि त्याच दिवशी परभणीला सरकारी दवाखान्यात जा.

आता वेडाचं. नाही, तुला वेड लागत नाहीये. तुझ्या पत्रातली एक गोष्ट डॉक्टरच्या दृष्टीनं फार कामाची आहे. पाळी आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निवळतं, असं तू म्हणतेस. म्हणजे या त्रासाला यायची आणि जायची वेळ आहे. ज्याला वेळ आहे त्याचं कारण शोधता येतं आणि त्यावर इलाजही करता येतो.

महिनाभर शरीरात काय चालतं ते थोडक्यात सांगते. रक्त दिसलं तो पहिला दिवस धरायचा. त्या दोन-तीन दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं आणि ओटीपोटात कळा येतात. हीच द्रव्यं आतड्यांनाही हलवतात, म्हणून तुला जुलाब होतात. कितीतरी बायकांना वाटतं की आदल्या दिवशीचं काही बाधलं, आणि त्या बिचाऱ्या दर महिन्याला खिचडीवर राहतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून इस्ट्रोजेन हे हार्मोन चढू लागतं. अंग हलकं वाटतं, झोप लागते, कामाचा उरक वाढतो. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीजकोशातून बीज सुटतं. तुझ्या हिशेबानं हा तेराव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपासचा काळ. तेव्हा ओटीपोटात एका बाजूला बारीक कळ येऊ शकते. अंगावरून पारदर्शक, तार सुटेल असा स्राव जातो. हा आजार नाही. त्यानं हाडं झिजत नाहीत, अशक्तपणाही येत नाही. आपल्याकडं त्याच्या भीतीनं टॉनिकच्या बाटल्यांवर फार पैसा जातो. खाज सुटली, वास आला किंवा दह्यासारखं जायला लागलं, तरच दाखवायचं.

नंतरच्या पंधरवड्यात मात्र खरा त्रास आहे. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं. अंगाचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं वर जातं, झोप सावध होते. आतडी मंदावतात, म्हणून पोट साफ होत नाही आणि फुगतं. अंगात पाणी धरलं जातं, म्हणून चप्पल घट्ट होते. छाती भरून येते, दुखते. मग शेवटच्या चार-पाच दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही उतरायला लागतात, आणि इस्ट्रोजेन उतरताना काहीजणींचं डोकं ठणकतं. तू जे जे लिहिलंस, त्यातलं एकही तुझ्या मनाचं खूळ नाही.

आणि मनाचं? प्रोजेस्टेरॉनपासून एक द्रव्य तयार होतं, ते मेंदूवर काम करतं. बहुतेकींना त्यानं शांत वाटतं. काहीजणींचा मेंदू मात्र त्याच्या चढ-उताराला उलटं उत्तर देतो. त्यांना बेचैनी येते, रडू येतं, राग अनावर होतो. यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दोन्ही तऱ्हेच्या बायकांच्या रक्तात हार्मोनचं प्रमाण सारखंच असतं. फरक असतो तो मेंदूच्या उत्तरात. त्यामुळे कुणी हजार-दोन हजार रुपयांची 'हार्मोन प्रोफाइल' सांगितली, तर त्यात या त्रासाचं काही दिसायचं नाही. उलट घरचे म्हणतील, बघ, रिपोर्ट तर नॉर्मल आहे, तूच नाटकं करतेस. ते पैसे वाचव.

या त्रासाला पीएमएस म्हणतात. तो इतका वाढला की नातीगोती, काम, जीव यांवरच उठतो, तेव्हा त्याला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानाच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा दिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही तो आहे. तुझं पत्र वाचून मला त्याचा संशय येतो. पण पत्रावरून मी निदान करणार नाही, आणि तुझ्या आठवणीवर विसंबून दुसऱ्या कुणी डॉक्टरनंही ते करू नये. अंगावर माप घेतल्याशिवाय तू कापडाला कात्री लावत नाहीस, तसंच हे आहे. या आजाराचं निदान करायचं तर लागोपाठ किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद हवी, असाच नियम आहे.

का, ते सांगते. आपल्याला वाईट दिवस लक्षात राहतात आणि घरच्यांनाही तेच राहतात. पाळीच्या आधी आदळआपट झाली तर ती पाळीच्या खात्यात जाते. पाळी संपल्यावर बाराव्या दिवशी झाली तर ती कुणाच्याच खात्यात जात नाही, विसरली जाते. दोन महिने रोज लिहिलं की चित्र आपोआप दिसतं. त्रास फक्त शेवटच्या आठ-दहा दिवसांत आहे आणि पाळीनंतरचा आठवडा स्वच्छ आहे, तर ते पीएमएस किंवा पीएमडीडी. त्रास महिनाभर आहे आणि पाळीच्या आधी फक्त वाढतो, तर मूळ दुखणं दुसरंच असू शकतं. नैराश्य असेल, थायरॉइड असेल, रक्त कमी असेल. त्यांचा इलाज वेगळा.

तुझ्याकडं मापाची वही असेलच. तिची मागची पानं घे. रोज रात्री मशीनवर कापड झाकलं की दोन मिनिटं. पाळीचा कितवा दिवस, रक्त किती, दुखणं किती, झोप किती तास, मन कसं होतं. दुखण्याला आणि मनाला शून्य ते पाच असे आकडे दे, म्हणजे लिहायला सोपं. चांगल्या दिवशीही लिहायचं, त्या दिवशी तर नक्कीच. आणि शेवटी एक रकाना मी मुद्दाम घालायला सांगते: 'आज काय घडलं'.

हा शेवटचा रकाना डॉक्टरसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. समज, चोविसाव्या दिवशी तू लिहिलंस: "झोप चार तास. छाती दुखते ४. राग ५. काय घडलं: लग्नाचे सात ब्लाउज उद्या द्यायचेत, दुपारी दोनला लाईट गेली ती साडेपाचला आली, नळाला पाणी नव्हतं म्हणून बोअरवरून चार घागरी आणल्या, जेवताना म्हणाले भाजी आळणी झाली." हे मला कुणी वाचून दाखवलं तर मी पाळीचं विचारणारच नाही. मी विचारीन की त्या चार घागरी तू एकटीनंच का आणल्या. आता वहीत मागं जा. नवव्या दिवशीही लाईट गेलेली, पाणी नव्हतं, कुणीतरी काही बोललेलं. त्या दिवशी तू गिळलंस. चोविसाव्या दिवशी गिळता आलं नाही. हार्मोननं तुझ्या रागाचा आवाज चढवला असेल. रागाचं कारण काही हार्मोननं तयार केलेलं नाही.

म्हणून 'तारीख जवळ आली वाटतं' हे वाक्य मला खटकतं. तुझा नवरा वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, तू तसं लिहिलेलं नाहीस. कदाचित त्याला वाटत असेल की आपण समजून घेतोय. पण त्या वाक्यानं होतं असं की तू जे बोलत होतीस ते तिथंच संपतं. घागरीही राहतात, भाजीही राहते, उरते फक्त तारीख. त्याच्याशी बोल, पण पंचविसाव्या दिवशी नको. पाळी आटोपून तू स्वस्थ झालीस की आठव्या-नवव्या दिवशी बोल. वही समोर ठेव. सांग की माझा त्रास खरा आहे, त्यावर मी इलाज करणार आहे, आणि त्या दिवसांत मी काही म्हणाले तर आधी 'काय झालं' असं विचार, तारखेचं नंतर बघू. आणि त्या आठ दिवसांपुरतं काय काय त्याच्याकडं जाईल तेही तेव्हाच ठरवा: पाणी, लेकरांचा अभ्यास, रात्रीची भांडी. जिनिंगचा हंगाम जोरात असेल तर त्यालाही जड जाईल, हे मला कळतं. तरी ठरवा.

लेकीचं मात्र वेगळं आहे आणि ते मी तुला स्पष्ट सांगते. राग खरा असला तरी तिच्या गालावर उठलेली बोटं त्यानं पुसली जात नाहीत. ती नऊ वर्षांची आहे. दोन-चार वर्षांत तिलाही पाळी येईल, कदाचित लवकरच. तिला जवळ घेऊन सांग की त्या दिवशी माझं चुकलं, तुझं काही चुकलं नव्हतं. पाळी म्हणजे काय हेही तिला आत्ताच, सोप्या शब्दांत सांगून टाक, म्हणजे तिची वेळ येईल तेव्हा ती घाबरणार नाही. त्या दिवसांत हात उचलावासा वाटला की खोलीतून बाहेर पड, ओसरीवर जा, तोंडावर पाणी मार. सासूबाईंना आधीच सांगून ठेव की मी अशी बाहेर गेले की पोरांकडं तुम्ही बघा. एवढं तर त्या नक्की करतील.

डॉक्टरकडं जाण्यासाठी दोन महिने पुरे व्हायची वाट बघू नको. वही आजपासून सुरू कर आणि दवाखान्यात या आठवड्यातच जा. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करायला सांग. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये शंभरातल्या ५७ जणींना रक्त कमी आहे, असं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर थकवा, धाप, चिडचिड त्यानंही होते, आणि लोहाच्या गोळ्यांनी ती कमी होते. गोळी चहासोबत घ्यायची नाही, जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घे.

पीएमडीडी निघालं तर घाबरायचं काही नाही. फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिनसारखी औषधं त्यावर चांगली लागू पडतात. ही मुळात नैराश्यावरची औषधं, पण नैराश्यात त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात आणि इथं थोड्या दिवसांतच फरक दिसू शकतो. काहीजणींना ती महिनाभर द्यावी लागतात, काहींना फक्त बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचे १४ दिवस पुरतात. त्यांची सवय लागेल, झोपेच्या गोळ्या आहेत, अशा समजुतीनं बाया ती टाळतात. ती झोपेची औषधं नाहीत. पण स्वतःच्या मनानं सुरूही करायची नाहीत आणि सोडायचीही नाहीत. दुसरा मार्ग गर्भनिरोधक गोळ्यांचा, त्यातही ड्रॉस्पायरेनोन असलेल्या गोळ्यांचा. त्यासाठी आधी बीपी तपासावं लागतं, अर्धशिशी आहे का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारावं लागतं. मानसोपचार विभागात गेलीस म्हणून गावात नाव होईल ही भीती मी समजू शकते. जिल्ह्याच्या दवाखान्यात केसपेपर सगळ्यांचे एकाच खिडकीवर निघतात, हे ध्यानात ठेव.

घरच्या घरी काय करता येईल? रोज कॅल्शियम हजार-बाराशे मिलिग्रॅम पोटात गेलं तर पीएमएसचा त्रास काहीजणींना कमी होतो. दूध, ताक, तिळाची चटणी, राजगिरा हे आपल्या घरातलंच आहे. कमी पडत असेल तर डॉक्टर गोळी देतील. शेवटच्या पंधरवड्यात पापड-लोणचं आणि संध्याकाळनंतरचा चहा कमी कर. पोटाला आणि झोपेला फरक पडेल. दिवसभर तू मशीनवर वाकून बसतेस, तर सकाळी उन्हाच्या आत अर्धा तास चालून ये. प्रिमरोज तेलाच्या महागड्या कॅप्सूल कुणी सांगितल्या तर घेऊ नको, त्यांच्या गुणाचा पुरावा फार कच्चा आहे.

पाळीतल्या दुखण्यासाठी मात्र अंगावर काढायची काहीच गरज नाही. इबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. म्हणून ती कळा असह्य झाल्यावर नाही, रक्त दिसताक्षणी घ्यायची, काही खाऊन घ्यायची, आणि एक-दोन दिवसच. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगानं सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित कुणाला त्यानं गंभीर अ‍ॅलर्जी होते. गोळीनंतरच्या दिवसांत, अगदी काही आठवड्यांनीही, अंगावर पुरळ, ताप, गळ्याशी गाठी असं काही दिसलं तर गोळी बंद करायची आणि दवाखाना गाठायचा. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर आणि कंबरेला घेतल्यानं खरंच आराम पडतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दर वर्षी दुखणं वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, संबंधाच्या वेळी किंवा संडासला बसताना आत कळ येत असेल, तर ते साधं दुखणं नव्हे, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. तसंच तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, सात-आठ दिवसांच्या वर जात असेल, किंवा पाळी २१ दिवसांच्या आत अथवा ३५ दिवसांच्या पुढं येऊ लागली, तरी दाखव.

आता पिशवीचं. मावशीचा सल्ला मायेचाच असेल, तरी तो ऐकू नको. तुझा त्रास पिशवीत नाहीच. महिन्याचं हे चक्र बीजकोश चालवतात. नुसती पिशवी काढली तर रक्त जाणं थांबेल, पण छाती दुखणं, रडू, राग सगळं तसंच राहील, आणि पाळी येत नसल्यामुळे कधी सुरू होणार, कधी संपणार, हेही कळणार नाही. बीजकोशही काढले तर ३१ व्या वर्षी तुझी पाळी कायमची जाईल. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका, हे सगळं पंधरा-वीस वर्षं आधी दारात येईल. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते तुला ऐकून माहीत असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांनी खाडा नको, मुकादमाचा दंड नको म्हणून पिशव्या काढून घेतल्या. २०१९ मध्ये याच्या चौकशीसाठी आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या अनेकींनी चाळिशीही गाठली नव्हती. पोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, एवढ्याच तक्रारीवर कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली. फडात मोळ्या उचलणाऱ्या बाईला सुट्टी मिळायला हवी होती, तिच्या अंगातला अवयव काढून घेतला गेला. याचा मला आजही संताप येतो. त्या रांगेत तू उभी राहू नयेस असं मला मनापासून वाटतं. कुणी डॉक्टर पहिल्याच भेटीत पिशवी काढायचं बोलला, तर सोनोग्राफीचे कागद घेऊन दुसऱ्याकडं जा. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ (स्वाराती) सरकारी रुग्णालय किंवा नांदेडचं सरकारी रुग्णालय तुला दूर नाही.

शेवटी महालक्ष्म्यांच्या गोळ्या. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं, प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध. साधारणपणे ते अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करतात, दिवसातून तीनदा, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईनं डॉक्टरांना दाखवून एखाद्या वेळी घेतलं तर बहुतेकदा काही बिघडत नाही. तुझी गोष्ट निराळी आहे. तुला बेजार करतात ते पाळीच्या आधीचे दिवस, आणि ही गोळी नेमके तेच दिवस लांबवते. छाती दुखणं, पोट फुगणं, मन खचणं हे या औषधाचेही ज्ञात त्रास आहेत. त्यात त्या तीन दिवसांत पहाटेपासून उभं राहायचं, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, पन्नास माणसांचं जेवण. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आसपास तुझं काय झालं होतं ते आठवून बघ.

मी तुझ्या जागी असते तर घेतल्या नसत्या. सासूबाईंना सांग, डॉक्टरांनी नको म्हटलंय. माझं नाव सांग हवं तर. ज्या वर्षी पाळी तेव्हाच येईल, त्या वर्षी आवाहन-पूजनाला जाऊबाई किंवा नणंद हात लावेल, तू आधीच्या आठवड्यात फराळाचं करून ठेव. आणि तुझी स्वतःचीच फार इच्छा असेल, महालक्ष्म्यांसमोर आपणच बसावं असं वाटत असेल, तर त्यात मी तुला बोल लावणार नाही. पण मग गोळ्या मेडिकलच्या काउंटरवरून परस्पर नकोत. सणाच्या महिनाभर आधी वही घेऊन डॉक्टरकडं जा. बीपी मोजून घे. दिवस राहिले नाहीत याची खात्री करून घे. कावीळ किंवा यकृताचा आजार, पायात गुठळी, डोळ्यांपुढं चकाकणारी अर्धशिशी, यातलं काही झालं असेल तर सांग. मागच्या महिन्यातल्या त्या रात्रीबद्दलही सांग, कारण ते ऐकल्यावर कोणताही जाणता डॉक्टर ही गोळी लिहिताना हात आखडता घेईल.